थोरलीचा कार्ब्युरेटर

आमच्या घरात मी धाकटा. थोरली म्हणजे गाडी. बाबांनी ती घेतली आणि काही महिन्यांनी माझा जन्म झाला, तेव्हापासून बाबा तिला थोरलीच म्हणत आले. थोरल्या भावंडाशी तुलना कोणाला चुकलेली नाही, पण इतरांचं भावंड निदान चाकांवर नसतं. थोरलीला कधी गोवर आला नाही, थोरली कधी गणितात नापास झाली नाही, थोरलीनं आधी लग्न ठरवून मग घरी सांगितलं नाही. यातलं शेवटचं वाक्य बाबा उच्चारत नाहीत, पण मला आणि माझ्या बायकोला ते ऐकू येतं. त्यामुळे ती पहिल्यांदा भर चौकात बंद पडली तेव्हा मागच्या गाड्यांचे हॉर्न खातानाही मला आत कुठंतरी किंचित बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

हे बरं वाटणं फार टिकलं नाही, कारण ती रोज बंद पडायला लागली. त्यातही तिची एक शिस्त होती. घरून निघताना अगदी झोकात निघायची. बाजार ओलांडायची, शाळा ओलांडायची, आणि कोरड्या कारंज्याचा तो मोठा चौक आला की दोन उचक्या द्यायची आणि गप्प व्हायची. मग चावी फिरवा, चोक ओढा, गयावया करा, काही उपयोग नाही. अर्ध्या तासानं मात्र काही झालंच नाही अशा थाटात चालू व्हायची. चौकातला वाहतूक हवालदार पहिल्या दिवशी मला "ओ साहेब, गाडी बाजूला घ्या" म्हणाला. दुसऱ्या दिवशी "काका" म्हणाला. पुढच्या आठवड्यात तो काही न म्हणता शिट्टी तोंडातच ठेवून मागून ढकलायला यायचा, आणि ढकलून झालं की बायकोची विचारपूस करायचा.

मी ऑफिसात पत्रव्यवहार खातं सांभाळतो. "आपल्या वरील विषयांकित पत्राच्या अनुषंगाने" हे वाक्य आमच्या मजल्यावर माझ्याइतकं वजनदार कोणी लिहीत नाही, असं माझे वरिष्ठ एकदा म्हणाले होते. अशा माणसाला, ज्या मुलाला मी स्वतः टाचण्या कुठं ठेवतात ते शिकवलं, त्याच्या स्कूटरवर मागे बसून, त्याचं दप्तर मांडीवर घेऊन ऑफिसात यावं लागलं. तो गेटवर सगळ्यांना सांगायचा, "काकांना मी सोडतो हल्ली." माणूस अपमान गिळतो, पण हा रोज दोन वेळा गिळावा लागत होता.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा पाणीपुरवठा खात्यात ओव्हरसीअर होते. त्यांची अख्खी नोकरी गळत्या शोधण्यात आणि बुजवण्यात गेली. रस्त्याला कान लावून जमिनीखालची गळती सांगणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती. निवृत्तीनंतर शहराच्या गळत्या दुसऱ्यांच्या वाट्याला गेल्या आणि बाबांच्या हाती फक्त आमचं घर उरलं. आमच्याकडे एक नळ टिपकत नाही. एका खिडकीतून वारा येत नाही. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्याच्या झाकणाला बाबांनी सायकलच्या ट्यूबमधून कापलेली रबरी कडी बसवली आहे, आणि ती इतकी घट्ट की बिस्किटांचा डबा उघडायला घरात दोन माणसं लागतात. एकानं डबा पोटाशी धरायचा, दुसऱ्यानं झाकण पिळायचं. मग "फुस्स" असा एक मोठा श्वास घेऊन डबा उघडतो. आत बिस्किटं असतात ती मात्र कालच भाजल्यासारखी कुरकुरीत. बायको माहेरी फोनवर सांगते, "आमच्याकडे चहाला पाहुणे आले की आधी दोघं जण आत जातो."

बाबांच्या डोळ्यांनी दगा दिल्यापासून ते गाडी चालवत नाहीत. पण रोज सकाळी पेपर घेऊन ते खाली उतरतात, पार्किंगमध्ये जातात आणि थोरलीत बसून पेपर वाचतात. चालवायच्या जागेवर नाही, शेजारच्या सीटवर. ती आईची जागा. आई गेली त्यानंतर पहिल्यांदा त्यांना तिथं बसलेलं मी खिडकीतून पाहिलं, तेव्हा वाटलं, किल्ली विसरले असतील. मग रोजचंच झालं. पेपर वाचून झाला की ते तो डॅशबोर्डवर ठेवतात, थोडा वेळ समोरच्या भिंतीकडे बघतात आणि वर येतात. त्या दिवशीचा त्यांचा मूड वर येतानाच्या पावलांवरून कळतो, आणि तो नेहमी चांगला असतो.

म्हणून सेक्रेटरींची नोटीस आली तेव्हा मी ती दोनदा वाचली. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी तळमजल्यावर राहतात आणि थोरलीच्या शेजारची जागा त्यांची. त्यांनी नुकतीच दुसरी गाडी घेतली होती आणि तिला जागा नव्हती, हा निव्वळ योगायोग. नोटिशीत लिहिलं होतं, "ज्या वाहनांकडे वैध योग्यता प्रमाणपत्र नाही, अशी वाहने महिनाअखेर आवारातून हलवण्यात यावीत." असं वाहन इमारतीत एकच होतं. थोरलीचं प्रमाणपत्र त्याच महिन्यात संपत होतं, आणि ते पुन्हा मिळवायला तपासणी कार्यालयात जाऊन ती चालवून दाखवावी लागते. नापास झाली तर तिची जागा भंगारात.

"माझं काही नाही हो," सेक्रेटरी मला जिन्यात गाठून म्हणाले, "पण नियम तो नियम. शिवाय बाबांचंही वय झालं. बंद गाडीत बसतात, हवा नाही, काही नाही. उद्या काही झालं तर जबाबदार कोण? त्यापेक्षा आम्ही खाली एक बाक टाकू म्हणतो."

बाबांनी बाकाची गोष्ट ऐकून घेतली आणि एवढंच म्हणाले, "बाकाला काचा नसतात." मग जेवताना पोळी तशीच ठेवून उठले. गाडी बंद पडते म्हणून मला जो काही आसुरी आनंद झाला होता तो त्या क्षणी संपला. थोरलीला पास करायचंच, असं मी ताटावर हात धुता धुता ठरवलं.

ठरवलं खरं, पण कोणाकडे न्यायची? आधी मी मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. तिथं काचेचं दार, गार हवा आणि एक नम्र बाई. तिनं कॉम्प्युटरवर थोरलीचं मॉडेल शोधलं, बरंच शोधलं, मग वरिष्ठांना बोलावून दोघांनी शोधलं. शेवटी ती म्हणाली, "सर, ही गाडी आमच्याकडे अस्तित्वात नाही." मी काचेतून बाहेर दाखवलं. "हो सर, बाहेर आहे," ती म्हणाली, "पण आमच्याकडे नाही." मग एक तंत्रज्ञ तपासणीची वायर घेऊन आला आणि ती कुठं खुपसायची ते शोधत गाडीभोवती फिरत राहिला. त्यानं बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि मोबाईलवर फोटो काढून घेतला.

"कार्ब्युरेटर," वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक म्हणाले. मी त्यांना काही विचारलं नव्हतं, मी फक्त जिना चढत होतो. "लक्षणं स्पष्ट आहेत. कार्ब्युरेटर म्हणजे काय? हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण जुळवून देणारा मध्यस्थ. मध्यस्थच बिघडला तर संसार चालेल कसा?" प्राध्यापक इतिहास शिकवतात, पण त्यांच्या मते सगळे विषय शेवटी एकच असतात. त्या दिवसापासून इमारतीत कार्ब्युरेटर हा शब्द दुधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी झाला. ज्यांनी तो आयुष्यात पाहिला नव्हता ते मला गाठून विचारायचे, "काय म्हणतो कार्ब्युरेटर?" आणि मीही "आहे बरा" म्हणायचो.

मग जुन्या गाड्यांचा मेकॅनिक सापडला. गावात कार्ब्युरेटर जाणणारा हा शेवटचा, असं तो स्वतःच सांगायचा. इंजिन चालू केलं की तो लांबलचक स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनला लावायचा, दुसरं कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. त्या वेळी कोणी बोलायचं नाही. मी एकदा खोकलो तर त्यानं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. पुढची गोष्ट अशी की त्याच्या गॅरेजमध्ये थोरली कधीच बंद पडली नाही. उभ्या जागी ती तासन् तास सुरू राहायची, मांजरासारखी गुरगुरत. "कुठं काय झालंय?" मेकॅनिक म्हणायचा. मी ती चौकात नेली की उचक्या. परत आणली की गुरगुर. पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागून त्यांची पाठ वळताच भोकाड पसरणारी मुलं असतात, त्यातली ती झाली होती. बाबांना मी हे बोलून दाखवलं तर म्हणाले, "ती मुलं धाकटी असतात."

मेकॅनिकनं तीनदा जेट साफ केला. जेट म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक. फुंकर मारली, तारेनं कोरलं, उजेडाकडे धरून पाहिलं. चौथ्यांदा मी गेलो तेव्हा त्यानं सगळा कार्ब्युरेटर काढून पिशवीत घातला आणि माझ्या हातात दिला. "घरी न्या. रॉकेलात बुडवून ठेवा. जुनी घाण आहे, ती घाईनं निघणार नाही. आणि त्याच्याशी जरा प्रेमानं वागा."

आता प्रेमानं वागायला घरात योग्य भांडं एकच होतं, ते म्हणजे बायकोनं कोणालाही हात लावू न दिलेलं झाकणाचं पातेलं. ती भाजी आणायला गेली होती. ती परत आली तेव्हा जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर पातेलं, त्यात कार्ब्युरेटर आणि भोवती मी, बाबा आणि प्राध्यापक असे बसलो होतो. प्राध्यापक मध्यस्थांच्या इतिहासावर बोलत होते.

बायकोनं पिशवी खाली ठेवली. "हे काय शिजतंय?"

"कार्ब्युरेटर," मी म्हणालो.

"कोण खाणार आहे?"

बाबा हळूच म्हणाले, "सूनबाई, आणखी एखादं पातेलं आहे का? आतला तरंगता गोळा, फ्लोट, वेगळा बुडवायला हवा." बाबांना ती कधी नाही म्हणत नाही. तिनं दुसरं पातेलं दिलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की ते पाहणं तिसऱ्याची गरज कायमची संपवणारं होतं.

एका बाबतीत मात्र तिचं समाधान झालेलं होतं, आणि हे मी आता सांगतो कारण ते पुढे लागणार आहे. पूर्वी तिची एकच तक्रार असायची की गाडीत पेट्रोलचा वास येतो, साडीला लागतो, लग्नाला गेलं की लोक नाक मुरडतात. हल्ली कित्येक दिवसांत ती तक्रार आली नव्हती. मी समजलो, तिला सवय झाली. नवरे असंच समजतात.

कार्ब्युरेटर चकचकीत झाला. जोडताना एक स्प्रिंग उरली. मेकॅनिकनं ती तळहातावर घेऊन पाहिली, खिशात टाकली आणि म्हणाला, "कंपनी एखादी जास्तीची देते कधीकधी." पुढच्या दिवशी चौकात थोरलीनं तीन उचक्या दिल्या. हवालदार म्हणाला, "काका, फरक आहे. आधी दोन द्यायची."

दुखण्यात मला फक्त एक आशेची जागा दिसली होती. पेट्रोल भरलं की थोरली ताजीतवानी व्हायची. चौकाच्या अलीकडच्या पंपावर थांबलो की ती चौक ओलांडून थेट ऑफिसपर्यंत जायची. पंपावरच्या माणसाला झाकण उघडायला मात्र फार कष्ट पडायचे. तो दोन्ही हातांनी पिळायचा, त्याच्या कपाळावर शिरा यायच्या, मग एकदम "फुस्स" व्हायचं आणि झाकण सुटायचं. मला तो आवाज समाधानाचा वाटायचा, भुकेल्या माणसाला ताट दिसल्यासारखा. मी हे प्राध्यापकांना सांगितलं. ते म्हणाले, "ताज्या पेट्रोलची चटक. जुनं पेट्रोल मध्यस्थाला पचत नाही." म्हणून मी रोज थोडं थोडं पेट्रोल भरायला लागलो. पंपावरचा माणूस मला लांबून पाहिलं की दुसऱ्या गाडीकडे वळायचा.

बाबांना मी रोज संध्याकाळी थोरलीची हकिगत सांगायचो. ते ऐकायचे आणि दर वेळी तेच म्हणायचे, "गळती असणार. कुठंतरी गळती आहे. माझ्याकडून होईल तेवढं मी करतोय." आणि किल्ली मागून घ्यायचे, हातातली जुनी ट्यूब आणि कात्री घेऊन खाली जायचे. मला वाटायचं, खिडक्यांच्या रबरांचं काहीतरी करत असतील. ते खाली जाऊन आले की दुसऱ्या दिवशी ती चौकाच्याही आधी, शाळेपाशीच बंद पडायची. पण तेव्हा त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध जोडण्याइतकी बुद्धी आमच्या अख्ख्या इमारतीत नव्हती. सगळ्यांची बुद्धी कार्ब्युरेटरमध्ये अडकली होती.

आणि महिनाअखेर आली.

तपासणीच्या दिवशी बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आधीच शेजारच्या सीटवर जाऊन बसले होते. सेक्रेटरी बाल्कनीत उभे होते. त्यांच्या हातात मापाची टेप होती. आम्ही निघालो, शाळेपाशी बंद पडलो, थांबलो, निघालो, चौकात बंद पडलो. हवालदारानं सवयीनं ढकललं. आज तपासणी आहे म्हटल्यावर तो गंभीर झाला आणि त्यानं बाबांशी हात मिळवला. मला हे फारसं आवडलं नाही. दवाखान्यात नेताना लोक असे हात मिळवतात.

तपासणी कार्यालयात पहिल्या खिडकीवर कागद पाहणारे कारकून होते. त्यांनी कागद पाहिले, मान वाकडी करून खिडकीतून थोरलीकडे पाहिलं आणि पुन्हा कागद पाहिले.

"रंग आकाशी लिहिलाय."

"हो."

"ही आकाशी नाही. रंग बदललात तर आधी परवानगी लागते."

"बदलला नाही हो, उडालाय."

"उडाल्याचा रकाना नाही."

इथं माझी पत्रव्यवहारातली हयात कामाला आली. मी तिथल्या तिथं अर्ज लिहिला. "वरील विषयांकित वाहनाचा मूळ आकाशी रंग, मालकाच्या कोणत्याही कृतीशिवाय, केवळ ऊन व कालमान यांच्या अनुषंगाने फिकट झालेला असून तो तत्त्वतः आकाशीच आहे." कारकुनांनी तो दोनदा वाचला. "तत्त्वतः" या शब्दाखाली बोट ठेवून ते थोडा वेळ विचारात पडले आणि मग त्यांनी शिक्का मारला. आयुष्यात माझ्या एखाद्या वाक्याचा इतका थेट उपयोग झालेला मी पाहिला नव्हता.

मागच्या मैदानात फेरी मारायची होती. तपासणी अधिकारी पाठीमागच्या सीटवर बसले. शांत माणूस, एका हातात फळी, फळीला कागद, कानामागे पेन. बाबा उतरायला तयार नव्हते. "मी वजन म्हणून बसतो," ते म्हणाले. अधिकाऱ्यांची हरकत नव्हती. थोरली सुरू झाली, पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं, आणि मैदानाच्या अगदी दूरच्या कोपऱ्यात, जिथून कार्यालय काडेपेटीएवढं दिसत होतं, तिथं तिनं उचकी दिली. मी चोक ओढला. दुसरी उचकी. मग शांतता. ही शांतता मी महिनाभर ऐकत होतो, पण ती एवढी मोठी कधी वाटली नव्हती. बाबांनी एक हात पुढे करून डॅशबोर्डवर ठेवला, जिथं ते पेपर ठेवतात तिथं, आणि तो तसाच राहू दिला.

"बंद पडली," अधिकारी म्हणाले आणि त्यांनी कानामागचं पेन काढलं.

"साहेब, ती होते सुरू. अर्धा तास द्या. तिचा कार्ब्युरेटर जरा..."

"बंद पडलेली गाडी नापास," ते कोणताही राग नसलेल्या आवाजात म्हणाले. पेन कागदावर टेकलं आणि तिथंच थांबलं. त्यांनी भुवया उंचावल्या. "अरे. चालण्याचा रकाना खाली आहे. त्याच्या आधी टाकीचं झाकण आहे, ते राहिलं. क्रमानं जावं लागतं." मग ते उतरले. "झाकण उघडा."

नापास व्हायचं तरी क्रमानं, म्हणून मी उतरून झाकण धरलं. ते हलेना. दोन्ही हातांनी पिळलं. हलेना. अधिकाऱ्यांनी फळी बॉनेटवर ठेवली आणि त्यांनीही पिळून पाहिलं. आम्ही दोघं घामाघूम. तेवढ्यात दार उघडल्याचा आवाज आला. बाबा उतरून सावकाश मागे आले, आम्हाला हातानं बाजूला केलं, तळहाताची टाच झाकणावर ठेवली, एक दाब दिला आणि एक पीळ.

"फुस्स."

तो आवाज मी पंपावर कितीदा तरी ऐकला होता. पण या वेळी समोर बाबांचा हात होता, तोच दाब, तोच पीळ. आणि मी एकदम मैदानातून उचलला जाऊन आमच्या स्वयंपाकघरात येऊन पडलो, बिस्किटांच्या डब्यासमोर.

मी झाकण हातात घेऊन उलटं केलं. आत सायकलच्या ट्यूबच्या कड्या, एकावर एक, सुरेख गोल कापलेल्या. आणि मधोमध जिथं कंपनीनं टाकीत हवा जायला बारीक भोक ठेवलेलं असतं, तिथं पांढरी लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, भरून, घासून, गुळगुळीत केलेली. टाकीतून पेट्रोल बाहेर जायचं तर तेवढी हवा आत यायला हवी. आमची थोरली रोज घरापासून चौकापर्यंत श्वास कोंडून धावत होती. कार्ब्युरेटरचा बिचाऱ्याचा काही संबंधच नव्हता. पेट्रोल पोचलं तर तो मध्यस्थी करणार.

"साहेब," बाबा ताठ उभे राहून म्हणाले, "सूनबाई म्हणाल्या, वास येतो. बघितलं तर झाकणालाच भोक. इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. आता बघा. एक थेंब नाही, वाफसुद्धा बाहेर जायची नाही."

अधिकाऱ्यांनी झाकण हातात घेतलं. कड्यांवरून बोट फिरवलं. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवसातला पहिला भाव उमटला. "असं काम हल्ली बघायला मिळत नाही," ते म्हणाले, आणि झाकण माझ्या हाती देऊन, फळी उचलून आणून, टाकीच्या झाकणाच्या रकान्यात त्यांनी ठळक अक्षरांत "उत्तम" लिहिलं. बाबांचा चेहरा असा उजळला की तसा तो मी आई गेल्यापासून पाहिला नव्हता. मी तोंड उघडलं होतं. ते मिटून घेतलं.

"बाबा, तुम्ही आत बसा, ऊन लागेल," मी म्हणालो. ते बसले. अधिकारी पुढचे दिवे बघायला बॉनेटकडे वळले. मी पाठ करून, घराच्या किल्लीच्या टोकानं, जमेल तितक्या घाईनं, शासनानं नुकतंच उत्तम ठरवलेलं ते काम खरवडून काढलं. लांबी कडक होती. बाबांचं काम होतं ते. भोक एकदाचं मोकळं झालं तेव्हा मला एखाद्या देवळात चोरी केल्यासारखं वाटलं. दोन कड्या खिशात घातल्या, झाकण बसवलं आणि "एकदाच बघू द्या, साहेब" म्हणून चावी फिरवली.

थोरली पहिल्याच फटक्याला सुरू झाली. आम्ही मैदानाला फेरी मारली. अधिकारी म्हणाले, आणखी एक मारा. मग आणखी एक. "थकून बंद पडली असेल मघाशी, जुनी गाडी आहे," असं म्हणत त्यांनी चालण्याच्या रकान्यात "समाधानकारक" लिहिलं. झाकणाला उत्तम आणि गाडीला समाधानकारक, पण प्रमाणपत्र मिळालं.

परत येताना चौक आला. हवालदारानं आम्हाला पाहिलं, शिट्टी तोंडात धरली, बाह्या सावरल्या आणि दोन्ही हात पुढे करून तयार झाला. आम्ही त्याच्यासमोरून सरळ निघून गेलो. आरशात तो तसाच हात पुढे केलेला दिसला. त्याला आनंद झाला असावा, पण वाईटही वाटलेलं दिसलं.

शाळेपाशी बाबांनी हवा हुंगली. एकदा, दोनदा.

"वास येतोय," ते म्हणाले.

मी रस्त्यावरची नजर हलवली नाही. "तपासणीत सांडलं असेल थोडं."

"हं." बाजार मागे पडला. "पूर्वीपण यायचा. तुझी आई म्हणायची, हा वास आला की गावाला निघाल्यासारखं वाटतं." मग आमच्या गल्लीचं वळण घेताना त्यांनी विचारलं, "मग काय झालं होतं तिला?"

"कार्ब्युरेटर," मी म्हणालो.

"हं," बाबा म्हणाले.

पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. सेक्रेटरींनी प्रमाणपत्र उजेडाकडे धरून पाहिलं आणि मापाची टेप खिशात घातली. प्राध्यापक म्हणाले, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मेकॅनिक आता येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला थोरलीची केस सांगतो, आणि त्यात ती उरलेली स्प्रिंग हा कळीचा मुद्दा असतो. माझं काय? "कार्ब्युरेटरच होता तर महिनाभर कशाला घोळ घातला?" असं बायकोनं विचारलं, आणि मी पातेली घासायला घेतली. तिच्या साडीला पुन्हा वास येतो. त्याबद्दल ती काही बोलली नाही, हे मात्र मला विचित्र वाटलं. तिनं माझ्या खिशातल्या कड्या धुण्याच्या वेळी पाहिल्या असाव्यात.

बाबा रोज सकाळी पेपर घेऊन खाली जातात. टाकीच्या झाकणाला त्यांनी पुन्हा हात लावलेला नाही. मी रोज पाहतो.

आठवड्यानं पाहुणे आले. मी आणि बायको सवयीनं स्वयंपाकघरात गेलो. मी बिस्किटांचा डबा पोटाशी धरला, तिनं झाकणाला दोन्ही हात लावले, आणि झाकण एका बोटानं उघडलं. आवाज नाही, काही नाही. आम्ही दोघं एकमेकांवर आदळलो. झाकण उलटं केलं तर रबरी कडी तशीच होती, पण मधोमध एक बारीक भोक पाडलं होतं. नीट, गोल, कडा घासून गुळगुळीत केलेलं. मी पलीकडचा डबा पाहिला. त्यालाही भोक. त्याच्या पलीकडच्यालाही. फळीवरच्या एकूण एक डब्याला बाबांनी श्वास दिला होता.

म्हणजे त्यांना कळलं होतं. तिथंच, गाडीत, त्या वासाबरोबर.

बाहेरून बाबांचा आवाज आला. ते पाहुण्यांना सांगत होते, "जुन्या गाड्यांचं काय असतं, सगळा खेळ कार्ब्युरेटरचा."

आमची बिस्किटं आता पार मऊ पडलेली असतात. पाहुण्यांनी चहात बुडवायच्या आधीच ती वाकतात. बायको ती बशीत मांडते, बाबा एक उचलतात, मीही एक उचलतो, आणि आम्ही तिघं कुरकुरीत असल्यासारखी चावून खातो.